वेदीपाशी ठेवलेला गोळा

कोल्हापुरात थंडी उसाच्या ट्रॉल्यांमागून येते. रस्त्यावर पडलेली कांडी उचलायला दुचाकीवाले मधेच थांबतात, ट्रॅक्टरवर कर्कश गाणी लागतात, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि एखाद्या सकाळी खिडकी उघडली की गुऱ्हाळाचा गोड, जरासा करपट वास घरात येऊन बसतो. या वासानं लोकांना म्हणे आजोळ आठवतं, काकवी आठवते, हातावर घेतलेला गरम गुळाचा गोळा आठवतो. मलाही गोळाच आठवतो. पण तो गुळाचा नव्हे, लोखंडाचा, आणि तो मी आमच्या चर्चच्या वेदीपाशी भोपळा आणि मुळ्याची जुडी यांच्यामध्ये ठेवलेला पाहिला आहे.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत या दिवसांत कापणीचा सण असतो. चर्चच्या खांबांना ऊस बांधतात, दारात झेंडूची माळ लागते, आणि ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं पहिलं फळ वेदीपाशी आणून ठेवायचं असतं. आम्ही त्याला प्रथमफळ म्हणतो. पाळकानं, म्हणजे आमच्या धर्मगुरूनं, त्यावर प्रार्थना करायची, आणि उपासना आटोपली की आवारात त्याच वस्तूंचा लिलाव. शेती आता कितीजणांकडं उरली आहे? निम्मी मंडळी शिरोली आणि कागलच्या कारखान्यांत, बाकीची शाळा, दवाखाने आणि बँकांत. म्हणून मग शिंपी झबलं आणतो, बेकरीवाला पाव आणतो, मी शाळेत शिकवत होते तोवर खडूचा डबा ठेवायची. लिलावात मात्र सगळेच पाटील होतात. एका लिंबासाठी दोन साडू ईर्ष्येला पेटलेले मी पाहिलेत. कोंबडी सुटून बाकांखाली शिरलेलीही पाहिली आहे. हा सगळा गोंधळ मला मनापासून आवडायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी फारसं बरं बोलणार नाही.

त्या वर्षी आमचा पाळक होता माझा धाकटा भाऊ, सुधीर. चर्चच्या मागं दोन खोल्यांचं पाळकगृह आहे, तिथं तो आणि त्याची बायको रूथ राहायची. रूथ शेजारच्या बालवाडीत शिकवायची. सुधीर हळू बोलणारा माणूस. कोल्हापुरात हळू बोलणाऱ्याला एकतर आजारी समजतात नाहीतर लबाड. मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, त्याला बरीच वर्षं आजारी समजून सांभाळून घेतलं होतं.

आणि चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांचे प्रमुख होते शांतवनराव. नाव बघा आधी! शिरोलीत त्यांची फौंड्री. पंप आणि ट्रॅक्टरचे भाग ओतायची. माणूस दिलदार, यात वाद नाही. चर्चचे पंखे त्यांचे, स्पीकर त्यांचा, नाताळच्या जेवणातला रस्सा त्यांचा. पण दिलेल्या वस्तूवर नाव घालायची अशी हौस, की पंखा फिरायला लागल्यावर पात्यांवरचं नाव कुणाला वाचता येईना म्हणून त्यांनी ते मधल्या वाटीवर पुन्हा लिहून घेतलं. देवाला दिलेलं दान देवानं विसरू नये, याची काळजी ते स्वतःच घ्यायचे.

त्या हंगामात सरहद्दीवर पेटलं होतं. जगात आणखी कुठं कुठं जळतच होतं, पण ते टीव्हीवर तोंडी लावायला. उपासनेनंतर आवारात चहा व्हायचा. एरवी या चहावर लग्नं जुळायची, बदल्यांची चर्चा व्हायची. त्या थंडीत तिथं लढाया व्हायला लागल्या. रक्तदाबाची गोळी घरी राहिली तर ज्यांना घाम फुटतो, ते बशीवर बिस्किटं मांडून कुठल्या शहरावर काय टाकायचं ते दाखवायचे. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव होतं ‘कृपासागर’. त्यावर सकाळी बायबलचं वचन यायचं, पाठोपाठ कुठल्यातरी गावावर कोसळणाऱ्या बॉम्बचा व्हिडिओ, त्याखाली हात जोडलेले, त्याखाली आग, त्याखाली आमेन. त्यातली घरं कुठल्या देशातली होती हेही कुणी बघायचं नाही. मला या माणसांचा राग यायचा असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मला त्यांची किळस यायची, आणि दर रविवारी त्यांच्याच शेजारी बसून मी गीतं म्हणायची.

मार्थाबाई आमच्या मंडळीतल्या. त्यांचा मुलगा सैन्यात होता आणि त्या दिवसांत तो सरहद्दीवरच होता. सुधीर दर रविवारी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायचा. एका रविवारी त्यानं त्याच सुरात, आवाज न चढवता, पुढं आणखी जोडलं. पलीकडच्या मुलांना सांभाळ म्हणाला, आणि त्यांच्या आयांनाही. बाकं करकरली. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे उघडून मागं बघितलं. आमेन झालं ते निम्म्या आवाजात.

बाहेर शांतवनराव वाटच बघत होते. “पाळकसाहेब, हे काय नवीन काढलं?”

“नवीन कुठलं? फार जुनं आहे,” सुधीर म्हणाला. “प्रभूनंच सांगितलंय की, वैऱ्यासाठीसुद्धा मागा म्हणून.”

“सांगितलंय हो. पण त्येच्या येळंला असले वैरी न्हवते.”

प्रभूच्या हातापायांत खिळे ठोकणारे रोमी शिपाई शांतवनरावांच्या लेखी बहुधा पावणे होते. वरातीला आलेले. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, पण सुधीरनं माझ्याकडं पाहिलं आणि मी चहाचा घोट घेतला.

मग आला तो प्रश्न. शांततेबद्दल कुणी एक शब्द काढला की हा प्रश्न खिशातून बाहेर येतोच. “आता मला सांगा, उद्या तुमच्या घरात कोण घुसला, रूथताईंच्या अंगावर गेला, तर काय करणार? प्रार्थना?” विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. त्याला फक्त समोरच्याच्या घरात चोर घुसलेला बघायचा असतो. भोवती जमलेल्यांनी हसायची तयारीही केली होती.

“काय करीन ते मलाच ठाऊक न्हाई,” सुधीर म्हणाला. “हाताला लागंल ते त्याच्या डोक्यात घालीनही. पण घातल्यावर त्या कामाला पवित्र म्हणणार न्हाई.”

कुणी हसलं नाही. पण कुणाला पटलंही नाही. लोकांना एकतर गांधी हवा असतो, त्याच्यावर हसता येतं, नाहीतर सेनापती हवा असतो, त्याच्या मागं ओरडता येतं. स्वतःचं पाप पाप म्हणूनच करीन, असं म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्यांना कळेना.

मंडळीची मनं शांत करायला पंचांनी एक विद्वान पाहुणे बोलावले. पुण्याहून आले. न्याय्य युद्ध या विषयावर त्यांनी ओळीनं काही संध्याकाळी व्याख्यानं दिली. पडद्यावर अटी दाखवल्या: कारण न्यायाचं हवं, हेतू शुद्ध हवा, बाकीचे सगळे उपाय थकलेले हवेत, निरपराधांना धक्का लागता कामा नये. विचार थोरच होता आणि तो करणारी माणसंही पूर्वी थोरच असतील. राजांचे हात बांधायला त्यांनी हा दोर वळला होता. आमच्याकडं त्या दोराचा झोपाळा झाला. प्रत्येक अटीला मागून कुणीतरी “बरोबर, बसतंय आपल्याला” म्हणायचं. आपलं युद्ध असलं की अटी नेहमीच पूर्ण होतात. मी विचारलं, अहो, एखाद्या तरी युद्धाला या अटींनी कधी थांबवलंय का? पाहुणे म्हणाले, प्रश्न उत्तम आहे. मग जेवायची वेळ झाली.

बरं, दुसऱ्या बाजूचेही मला सोसले नाहीत. आमच्यातली काही शिकलेली पोरंपोरी आणि त्यांचे एक प्राध्यापक शांततेसाठी मेणबत्त्या घेऊन रंकाळा तळ्यावर गेले. वारा होता. मेणबत्त्या विझायच्या, फोटो बरा येईना, म्हणून मोबाइलचे दिवे लावले. सुधीरला त्यांनी बोलावलं होतं. तो गेला नाही. त्या संध्याकाळी तो मार्थाबाईंच्या ओट्यावर बसला होता, कारण मुलाचा फोन आला नव्हता. शांततावाल्यांनी त्याला भित्रा ठरवलं आणि लढाईवाल्यांनी फितूर. दोन्हीकडून एकाच माणसावर चिखल उडतो तेव्हा तो रस्त्याच्या बरोबर मधून चालत असावा, असं मला वाटतं.

आणि मग सणाची सकाळ. दव इतकं की खांबांना बांधलेल्या उसाच्या पात्यांवरून पाणी ठिबकत होतं. बायका नव्या शालींत, माणसं नॅप्थलीनच्या वासाच्या कोटांत. वेदीपाशी भोपळे, मुळे, मेथी, गुळाची ढेप, अंडी, शिंप्याचं झबलं, बेकरीचा मोठा पाव. दुसरं गीत चालू असताना शांतवनराव आले. त्यांच्यामागं फौंड्रीतले दोन कामगार एक ताट धरून, त्यावर लाल मखमल, आणि मखमलीवर उखळी तोफेचा गोळा. हातभर लांब, पोटाशी फुगलेला, शेपटीकडं निमुळता, पॉलिश करून आरशासारखा केलेला. आत दारू नव्हती, नुसतं ओतीव कवच. फौंड्रीला एका मोठ्या कंपनीमार्फत नवी ऑर्डर मिळाली होती आणि हा तिच्यातला पहिल्या खेपेचा नग होता. भोपळा सरकवून त्यांनी जागा केली आणि नाव दिसेल असा तो फिरवून ठेवला. हो, त्यावरही नाव होतं.

सुधीर पायरी उतरून खाली आला. “शांतवनराव, हे बाहेर ठेवूया.”

“का? माझ्या कष्टाचं न्हाई व्हय हे?” शांतवनरावांना हळू बोलता येत नाही, सगळ्या चर्चनं ऐकलं. “शिंप्याचं झबलं चालतंय, अक्काचा खडू चालत होता, आणि माझं लोखंड चालत न्हाई?”

अक्का म्हणजे मी. आणि रिवाजानं त्यांचं बरोबर होतं, हीच तर गोम. ज्याचं जे काम, त्याचं पहिलं फळ. खडूचा डबा चालवून घेतला तेव्हा कुणाच्या मनात आलं नव्हतं की या दारातून उद्या काय काय आत येईल.

“लोखंड चालतंय,” सुधीर म्हणाला. “तुमचा पंप आणा, मी दोन्ही हातांनी उचलून ठेवतो.”

“मग ह्याला काय झालं?”

“ह्याचं फळ कुठं पडणार ते मला माहीत आहे.”

शांतवनराव जाऊन आपल्या जागी बसले. गोळा तिथंच राहिला. प्रार्थनेत पाळक एकेका वस्तूचं नाव घेतो आणि तिच्यासाठी देवाचे उपकार मानतो. सुधीरनं ढेप म्हटली, अंडी म्हटली, भोपळा म्हटला, मुळा म्हटला. मधलं गाळलं. डोळे मिटलेले असूनही साऱ्या मंडळीला ती रिकामी जागा ऐकू आली. 

लिलावाआधी चहा घेताना ताट धरणाऱ्या कामगारांपैकी एकजण मला सहज बोलून गेला. “ह्यो रिजेक्ट पीस हाय, बाई. पोटात भोक हाय बारकं. चांगलं मोजून जात्यात, त्यास्नी हात लावता येत न्हाई.” म्हणजे देवाला द्यायला नापास माल! बायबलात पूर्वी यज्ञाला निर्दोष कोकरू लागायचं. शांतवनरावांनी निर्दोष तेवढे सरकारला पाठवले आणि भोकाचा देवाला. मला हसू आवरेना. त्या दिवसातलं तेवढंच एक खरं हसू.

लिलावाला आमच्याकडं मोठ्या गळ्याचा माणूस लागतो. तो खुर्चीवर चढला. मेथी गेली, पाव गेला, अंड्यांवरून नेहमीची झोंबाझोंबी झाली. “एक वार, दोन वार, तीन वार!” की माल सुटला. मग गोळा वर उचलला गेला. “बोला! देशासाठी बोला! शूरांची मंडळी हाय ही, बोला!”

कुणी बोलेना.

त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यानं पुन्हा हाक दिली. आठवडे न् आठवडे बशीवर शहरं जाळणारी माणसं चपलांकडं बघत होती. एकजण म्हणाला, घरात बारकी पोरं हाईत. दुसरा म्हणाला, शोकेसमधी मावायचा न्हाई. तिसऱ्याला त्याच्या बायकोनं कोपरानं ढोसलेलं मी पाहिलं; “असलं काय आत आणायचं न्हाई हं,” ती दात आवळून म्हणाली. आमच्याकडं स्वतःचं अर्पण स्वतः घ्यायचं नसतं, म्हणून शांतवनरावांना तोंड उघडता येईना. घामानं त्यांची कॉलर ओली झाली होती. कुणीतरी सुचवलं, मार्थाबाईंना मान द्या, त्यांचा पोरगा लढतोय, त्यांनी नुसता हात वर करावा, बाकी आम्ही बघतो.

मार्थाबाई उठल्या. मला वाटलं घेणार. “माझ्या घरात नगं,” त्या म्हणाल्या. “माझा पोरगा हाय तिकडं. असलं उशाला घेऊन मी झोपू कशी?” आणि पदर सावरून खाली बसल्या.

“एक वार,” खुर्चीवरचा म्हणाला. “दोन वार.” मराठीत वार म्हणजे खेप आणि वार म्हणजे घाव. त्या दिवशी ते दोन्ही एकदम ऐकू आले. तिसरा वार त्यानं म्हटलाच नाही.

जे खपत नाही ते पाळकाच्या घरी जातं, हा रिवाज. किडका भोपळा, नासलेलं दूध, मोडकं सूप, सगळं वर्षानुवर्षं तिथंच जात आलं आहे. गोळाही गेला. सुधीरनं तो नको म्हटला नाही. रूथनं तो तांदळाच्या पिंपामागं ठेवला आणि वरून पोतं टाकलं. शेजारच्या जैन वहिनी मेथीची जुडी मागायला आल्या होत्या, त्यांनी तो प्रकार बघून सगळी हकिकत विचारून घेतली. ऐकून झाल्यावर त्या अगदी निर्मळपणे म्हणाल्या, “तुमच्यात पण अहिंसा असते व्हय?” रूथनं पोतं नीट ओढून गोळा झाकला.  दोन हजार वर्षं आम्ही ती आमच्यात आहे म्हणून सांगतोय आणि भिंतीपलीकडच्या बाईला पत्ता नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. ‘कृपासागर’वर सुधीरचे फोटो ‘फितूर’ म्हणून फिरले, त्याखाली पुन्हा तेच हात आणि तेच आमेन. पंचांची बैठक झाली. गोळ्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. ठराव असा झाला, की मंडळीत शांती नांदावी म्हणून पाळकांची बदली करण्यात यावी. मी तो ठराव वाचून दाखवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत होते. शांती हा शब्द उच्चारताना त्याची जीभ जराही अडखळली नाही. शांती मागणाऱ्याला शांतीसाठीच हाकलायचं, आणि वर प्रार्थनेनं बैठक संपवायची. एवढं नितळ काम आमच्या मंडळीनं दुसरं कुठलंच केलेलं नाही. सुधीरला कर्नाटकाच्या सीमेलगतची एक छोटी मंडळी मिळाली, जिथं चर्चला धड छप्पर नव्हतं. रूथची बालवाडी सुटली. शांतवनरावांनी सामान न्यायला स्वतःचा टेम्पो आणि वाटेत खायला डबा पाठवला, आणि मला माहीत आहे, तो त्यांनी मनापासून पाठवला होता. म्हणून तर मला त्यांना माफ करता येत नाही.

यंदाही खांबांना ऊस बांधलाय. टीव्हीवर दुसऱ्या देशांची नावं आहेत. आता माणूस समोर दिसावाही लागत नाही. पडद्यावर ठिपका दिसतो, बोट दाबतात, ठिपका जातो, आणि आमच्या चहाच्या टेबलावर कुणीतरी “परफेक्ट” म्हणतं. नव्या पाळकांचा आवाज मोठा आहे. ते सैन्याला विजय मागतात, पाऊसही मागतात, आणि वैऱ्यांचा विषय निघेल अशी वचनं टाळून नेमका पुढचा भाग वाचतात. लोक म्हणतात, आता मंडळी कशी भरल्यासारखी वाटते. मी मागच्या बाकावर बसते. मला अजून त्यांच्यातच बसावं लागतं, कारण माझा देव त्यांच्याशीच बोलत बसतो, त्याला आवडनिवड नाही.

टेम्पो यायच्या आदल्या दिवशीचं मात्र सांगायचं राहिलं. सुधीर म्हणाला, “अक्का, गाडी काढ, शिरोलीला जाऊन येऊ.” मांडीवर पोत्यात गुंडाळलेला गोळा घेऊन तो माझ्या स्कूटरवर मागं बसला. वाटेत उसाच्या ट्रॉल्या, धूळ, मळीचा वास. फौंड्रीत शांतवनराव नव्हते. सुपरवायझर होता, ओळखीचा, हसरा माणूस. सुधीरनं पोतं सोडलं आणि म्हणाला, “हे तुमचं परत घ्या. भट्टीत टाका. वितळवून याचं दुसरं काहीतरी करा. काहीही. गटारीचं झाकण केलंत तरी चालंल.” त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा, त्या सगळ्या हंगामात पहिल्यांदाच, आशा होती. तलवारी मोडून नांगराचे फाळ होतील म्हणून जे शास्त्रात लिहून ठेवलंय, ते एवढ्याशा लोखंडापुरतं तरी खरं व्हावं असं त्याला वाटत होतं.

सुपरवायझरनं गोळा हातात फिरवला. “टाकतो की, त्यात काय? रिजेक्ट माल भट्टीतच जातोय. पण साहेब, सध्या सगळीकडं ह्योच साचा लागलाय. आत टाकला की पुन्यांदा ह्योच भाईर पडंल.” आणि हसून म्हणाला, “तेवढा ह्या टायमाला बिनभोकाचा.”

भट्टीचा लाल उजेड दारापर्यंत येत होता. आत वाळूवर नव्या गोळ्यांच्या रांगा निवत पडल्या होत्या. सुधीरनं त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. मग त्यानं हात पुढं केले.

“द्या इकडं,” तो म्हणाला. “हा एक तरी कुणाच्या घरावर पडायला नको.”

त्यानं गोळा पुन्हा पोत्यात गुंडाळला, काखेत घेतला आणि तो फाटकाकडं चालायला लागला.